मृत्यूचा सरकारी तक्ता

तिसाव्या वर्षी घेतलेल्या आजीवन विमा पॉलिसीचा हप्ता पंचावन्नाव्या वर्षीही तेवढाच असतो. हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यातली विसंगती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मरणाची शक्यता वयाबरोबर वाढते, आणि चाळिशी ओलांडली की झपाट्याने वाढते. मग विमा कंपनी पंचावन्न वर्षांच्या माणसाला तिशीच्या भावात संरक्षण देते कशी? खरे तर ती तसे देतच नाही. तिशीत ती त्याच्याकडून गरजेपेक्षा जास्त पैसे घेते आणि ते म्हातारपणीच्या तुटीसाठी बाजूला ठेवते. सुगीला कणगी काठोकाठ भरलेली दिसते, म्हणून ते धान्य सुगीतच खायचे नसते. त्यातले बरेचसे आषाढ-श्रावणाच्या वाट्याचे असते. कंपनीच्या तिजोरीतल्या या उद्याच्या वाट्याला राखीव निधी म्हणतात. विमेदाराच्या दृष्टीने कंपनीच्या ताळेबंदातला याहून महत्त्वाचा आकडा दुसरा नाही.

हा वाटा नेमका किती, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे? पुढच्या वर्षांत किती विमेदार मरतील यावर तो अवलंबून असतो, आणि ती संख्या आज कुणालाच ठाऊक नसते. त्यासाठी मृत्युतक्ता वापरतात. अमुक वयाच्या हजार माणसांपैकी वर्षभरात किती जण मरतील, हे त्यात वयावार मांडलेले असते. अमेरिकेत राखीव निधी मोजताना कोणता तक्ता धरायचा, हे दीडशेहून अधिक वर्षे राज्य सरकारांचे कायदे आणि नियम सांगत आले आहेत. सरकारला माणसांच्या आयुर्मानातले कंपनीपेक्षा जास्त कळते, असा याचा अर्थ नाही. सरकारी तक्ता भविष्य सांगण्यासाठी नसतोच. कंपनीच्या आशावादाला आवर घालण्यासाठी तो असतो, आणि त्याची परीक्षाही त्याच कसोटीवर करायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

हजार माणसे, तीन वर्षे

आवर कशाला, हे एका छोट्या हिशेबातून दिसते. समजा, एकाच वयाच्या हजार जणांनी तीन वर्षांसाठी प्रत्येकी १,००० डॉलरचा विमा घेतला. पहिल्या वर्षी १०, दुसऱ्या वर्षी २० आणि तिसऱ्या वर्षी ३० जण मरणार आहेत. व्याज आणि खर्च सोयीसाठी सोडून देऊ. एकूण दावे ६०,००० डॉलरचे. हप्ते भरणारे पहिल्या वर्षी १,०००, दुसऱ्या वर्षी ९९० आणि तिसऱ्या वर्षी ९७०, म्हणजे एकूण २,९६० हप्ते. प्रत्येक हप्ता २०.२७ डॉलरचा ठेवला की जमा आणि खर्च जुळतात. पहिल्या वर्षी कंपनीकडे २०,२७० डॉलर येतात आणि १०,००० दाव्यांत जातात. वर्षअखेर १०,२७० डॉलर शिल्लक दिसतात. नवख्या माणसाला हा घसघशीत नफा वाटेल. प्रत्यक्षात त्यातला एक डॉलरही कंपनीचा नाही. दुसऱ्या वर्षी जमा आणि खर्च जवळजवळ सारखे होतात, आणि तिसऱ्या वर्षी ३०,००० डॉलरचे दावे भागवताना ही सगळी शिल्लक संपते.

आता दुसऱ्या एका कंपनीने आशावादी तक्ता धरला: मृत्यू १०, १५ आणि २०. त्या तक्त्यानुसार हप्ता १५.१८ डॉलरच पुरायला हवा आणि पहिल्या वर्षाअखेरचा राखीव निधी साधारण ५,१८० डॉलर भरतो. हप्ता मात्र ती २०.२७ डॉलरचाच घेत आहे. म्हणजे उरलेले सुमारे ५,०९० डॉलर नफा म्हणून मोकळे झाले. ते लाभांशात गेले, एजंटांच्या कमिशनात गेले, किंवा शहराच्या मोक्याच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेरीत गेले. तिसऱ्या वर्षी ३० जण मेल्यावर कंपनीच्या हातात २४,९०० डॉलरच्या आसपास रक्कम असते. पंचविसेक कुटुंबांना पैसे मिळतात आणि पाच कुटुंबांना पॉलिसीचा कागद दाखवून परत फिरावे लागते.

या उदाहरणात पहिल्या वर्षाचे मृत्यू दोन्ही तक्त्यांत सारखेच आहेत, आणि खरी मेख इथेच आहे. वर्षअखेर हिशेब तपासणाऱ्याला कंपनीचा अंदाज अचूक ठरलेला दिसतो. चूक बाहेर येते ती पैसे वाटून संपल्यावर. खऱ्या आजीवन पॉलिसीत हे अंतर तीन वर्षांचे नसते, तीस-चाळीस वर्षांचे असते. तोवर नफा वाटणारे संचालक निवृत्त झालेले असतात. लबाडीचा हेतू असलाच पाहिजे असेही नाही. उत्साह पुरेसा असतो.

बॉस्टनचा गणिती आयुक्त

हे सर्वांत आधी ओळखून कायद्यात आणणारा माणूस म्हणजे इलायझर राइट. हा गणिताचा प्राध्यापक होता आणि गुलामगिरीविरोधी चळवळीचा कार्यकर्ताही. १८४४ साली तो लंडनला गेला असता तिथल्या रॉयल एक्स्चेंजमध्ये म्हाताऱ्या विमेदारांच्या पॉलिसींचा लिलाव त्याने पाहिला. हप्ते भरणे झेपेनासे झालेले लोक आपल्या पॉलिसी सटोडियांना विकत होते, कारण कंपन्या त्यांना साचलेला पैसा परत देत नव्हत्या. राइटला त्यात गुलामांच्या लिलावाचे साम्य दिसले. पुढे त्याच्या खटपटीतून मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५८ साली कायदा केला. राज्यात धंदा करणाऱ्या प्रत्येक आयुर्विमा कंपनीचा राखीव निधी सरकारने ठरवलेल्या तक्त्याने आणि ४ टक्के व्याजदराने मोजला जाऊ लागला. विमा आयुक्त म्हणून ते मोजण्याचे कामही राइटकडेच आले. तक्ता इंग्लंडमधल्या सतरा कंपन्यांच्या अनुभवावरून बनलेला होता. अमेरिकेचा स्वतःचा म्हणावा असा भरवशाचा तक्ता तेव्हा नव्हताच. १८६१ साली त्याच राज्याने हप्ते थांबले तरी विमेदाराचा साचलेला हक्क बुडणार नाही, असा कायदा केला. आज पॉलिसी सरेंडर केल्यावर जी रक्कम हातात पडते, तिच्या वंशावळीत हा कायदा मूळपुरुषाच्या जागी आहे.

राइटच्या पद्धतीतला कळीचा मुद्दा असा, की कंपनीने प्रत्यक्षात किती हप्ता लावला हे तो विचारातच घेत नसे. सरकारी तक्ता आणि सरकारी व्याजदर यांवरून निघणारा ‘निव्वळ हप्ता’ तो धरी आणि त्यावरून निधी काढी. कंपनीने जास्त हप्ता लावला म्हणून तिला भविष्यातली कमाई आजच दाखवता येत नसे. एकच गज सगळ्यांना लावल्यामुळे दोन कंपन्यांची तुलनाही शक्य झाली.

अमेरिकेचा स्वतःचा तक्ता आला १८६८ साली. न्यूयॉर्कच्या म्युच्युअल लाइफ कंपनीचा अ‍ॅक्च्युअरी, म्हणजे विम्याचे गणित मांडणारा तज्ज्ञ, शेपर्ड होमन्स याने तो केला. ‘अमेरिकन एक्स्पीरियन्स’ या नावाचा हा तक्ता दहा वर्षांच्या १,००,००० जणांपासून सुरू होतो. पंच्याण्णवाव्या वर्षी त्यातले तीन जण उरतात आणि शहाण्णवाव्या वर्षी कुणीच नाही. राज्यामागून राज्याने तो कायद्यात घातला, आणि तो १९४०च्या दशकापर्यंत टिकला.

चौकट : पस्तिशीच्या हजार जणांमागे वर्षभरात किती मृत्यू?
अमेरिकन एक्स्पीरियन्स (१८६८) : ८.९५
१९४१चा सीएसओ तक्ता : ४.५९
१९५८चा सीएसओ तक्ता : २.५१
१९८०चा सीएसओ तक्ता (पुरुष) : २.११
सीएसओ म्हणजे ‘कमिशनर्स स्टँडर्ड ऑर्डिनरी’, अर्थात राज्यांच्या विमा आयुक्तांनी नेहमीच्या आयुर्विमा पॉलिसींसाठी मान्य केलेला प्रमाण तक्ता.

जुना तक्ता किती महाग पडतो?

चौकटीतल्या पहिल्या दोन आकड्यांवरूनच मोठा आक्षेप उभा राहतो. माणसे निम्म्याने कमी मरत असताना साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा तक्ता धरायला लावणे हा ग्राहकावर भुर्दंड नाही का? १९३०च्या दशकात अमेरिकेत हा आरोप जोरात होता. जास्त मृत्यू धरले म्हणजे जास्त निधी अडकला, आणि जास्त निधी अडकला म्हणजे विमा महागला, असा साधा तर्क त्यामागे होता. पण तर्काची पहिली पायरीच डळमळीत आहे. आपल्याच उदाहरणात दर वर्षी आणखी १० मृत्यू मिळवू: २०, ३० आणि ४०. एकूण दावे ६०,००० वरून ९०,००० डॉलरवर जातात आणि हप्ता ३०.७२ होतो. राखीव निधी किती होतो? सुमारे १०,७००. आधी तो १०,२७० होता. मृत्यू दीडपट झाले, पण निधी जेमतेम हलला. कारण निधी मृत्यूंच्या संख्येतून उभा राहत नाही. आजचा आणि उद्याचा मृत्युदर यांतल्या चढातून तो साचतो. चढ उभा असेल तर निधी मोठा आणि सपाट असेल तर छोटा. जुन्या तक्त्याने तरुणांचे मृत्यू भरमसाट जास्त धरले होते, पण म्हातारपणीच्या आकड्यांत तेवढा फरक नव्हता. त्यामुळे त्याचा चढ उलट काहीसा सौम्य होता. जुना तक्ता म्हणजे आपोआप फुगलेला निधी, असे समीकरण मांडता येत नाही.

म्हणून तक्ता बदलायची गरज नव्हती, असे मात्र नाही. लोकांना न पटणारा आकडा कायद्यात राहिला की कायद्यावरचाच विश्वास उडतो, आणि सरेंडर रकमेसारख्या गोष्टी त्याच आकड्यांना बांधलेल्या होत्या. न्यू जर्सीच्या विमा खात्यातला अ‍ॅक्च्युअरी आल्फ्रेड गर्टिन याच्या नेतृत्वाखालच्या समितीने या सगळ्याची छाननी केली. त्यातून १९४१चा सीएसओ तक्ता आणि १९४२ सालचे दोन नमुना कायदे आले: एक निधीच्या मोजणीचा, दुसरा विमेदाराचा हक्क न बुडण्याचा. १९४८पर्यंत ते देशभर लागू झाले. पुढचे तक्ते १९५८, १९८०, २००१ आणि २०१७चे. त्यांत एक खोच सुरुवातीपासून कायम आहे. प्रत्यक्षात मोजलेल्या मृत्युदरावर मुद्दाम थोडी भर घातलेली असते. म्हणजे तक्ता चुकीचा असतोच, पण तो कोणत्या बाजूला चुकावा हे विचारपूर्वक ठरवलेले असते. ही भर वायफळ नाही, हे २०२० साली दिसले. कोविडच्या त्या वर्षी अमेरिकेतल्या आयुर्विमा दाव्यांची रक्कम १५ टक्क्यांहून जास्त वाढून ९,००० कोटी डॉलरवर गेली. १९१८च्या इन्फ्लुएंझानंतरची ती सर्वांत मोठी वार्षिक वाढ होती, पण म्हणून आयुर्विमा कंपन्या धडाधड बुडाल्या नाहीत.

खरी अडचण तक्ता बदलण्याच्या गतीची होती. १९८०पर्यंत नवा तक्ता आणायचा तर प्रत्येक राज्याच्या विधिमंडळात कायदादुरुस्ती करावी लागे. दरम्यान डागडुजी चाले. बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात हे उघड असूनही १९५८च्या तक्त्यात त्यांच्यासाठी वेगळा स्तंभ नव्हता. त्याऐवजी बाईचे वय तीन वर्षांनी कमी धरायची मुभा होती, म्हणजे पस्तिशीची बाई कागदावर बत्तिशीचा पुरुष! पुढे ही सूट सहा वर्षांची केली गेली. १९८०च्या दुरुस्तीने दोन गोष्टी केल्या. स्त्री-पुरुषांचे तक्ते वेगळे झाले, आणि यापुढचे तक्ते आयुक्ताने साध्या नियमाद्वारे लागू करावेत, अशी सोय झाली. मृत्युदराचा आकडा आमदारांच्या मतदानातून सुटला, हे बरेच झाले. मग तीनच वर्षांनी, १९८३ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नॉरिस खटल्यात निर्णय दिला, की नोकरीतल्या निवृत्तिवेतन योजनेत बाईला बाई म्हणून कमी मासिक रक्कम देता येणार नाही. लगेच स्त्री-पुरुषांचे मिश्र तक्ते वापरायची परवानगी देणे राज्यांना भाग पडले.

तक्त्यात कोणाची मरणे मोजायची आणि कोणाची वेगळी काढायची, हा प्रश्न कधीच निव्वळ गणिताचा नव्हता. १८८०च्या दशकात काही अमेरिकन कंपन्या कृष्णवर्णीयांना त्याच हप्त्यात कमी रकमेचा विमा देऊ लागल्या तेव्हा मॅसॅच्युसेट्सने १८८४ साली कायद्याने ते बंद केले. आपल्याकडेही परदेशी कंपन्या हिंदी माणसाला जादा हप्ता लावत. १८७० साली स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने हिंदी विमेदारांना नेहमीच्याच दराने विमा देऊन ती प्रथा मोडली.

पन्नास राज्ये, एक तक्ता

मुळात हे काम राज्यांकडे का? एवढ्या मोठ्या देशाने एक केंद्रीय तक्ता का केला नाही? कारण इतिहासात आहे. १८६९ साली सर्वोच्च न्यायालयाने विमा हा आंतरराज्य व्यापार नव्हे, असा निकाल दिला आणि केंद्राचा हात बाजूला झाला. १९४४ साली न्यायालयाने तो फिरवला, पण पुढच्याच वर्षी संसदेने मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून विम्याचे नियमन पुन्हा राज्यांच्या हवाली केले. सगळ्या राज्यांच्या विमा आयुक्तांची एक संघटना १८७१पासून आहे. ती नमुना कायदे तयार करते, पण तिच्या शब्दाला कायद्याचे बळ नाही. ते प्रत्येक राज्याने द्यायचे असते. गंमत म्हणजे केंद्रीय प्राप्तिकर कायदाही कितीतरी वर्षे राज्यांच्या तोंडाकडे पाहत असे. नवा तक्ता किमान २६ राज्यांनी मान्य केला, की तो करआकारणीसाठी ‘प्रचलित’ ठरे.

ही व्यवस्था गोंधळाची आहे, हा आक्षेप अर्धा खरा आहे. न्यूयॉर्कचा हट्ट तर जुनाच: आमच्याकडे परवाना हवा असेल, तर इतर राज्यांतल्या तुमच्या धंद्यातही आमच्या नियमांचे बऱ्यापैकी पालन करा. म्हणून अनेक कंपन्या न्यूयॉर्कसाठी वेगळी उपकंपनीच काढतात. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला विम्याच्या माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘न्यूयॉर्कमध्ये उपलब्ध नाही’ अशी ओळ दिसते, ती यामुळे. पण गोंधळाची दुसरी बाजूही आहे. एक केंद्रीय नियामक एकदा ढिला पडला, की देशभरचे कुंपण एकदम कोसळते. इथे ढिले राज्य आणि कडक राज्य यांच्यात कायम ओढाताण चालते, आणि बऱ्याचदा कडक राज्याच्या बाजूने दोरी ताणलेली राहते.

जगण्याचीच भीती

आतापर्यंत सावध तक्ता म्हणजे जास्त मृत्यू धरणारा, असे गृहीत धरले. पेन्शन पॉलिसीत हे उलटे होते. तिथे माणूस जिवंत असेपर्यंत कंपनीने दरमहा पैसे द्यायचे असतात, म्हणून तो अपेक्षेपेक्षा जास्त जगला की तिला खोट येते. तेव्हा या पॉलिसींसाठी राज्यांचे तक्ते वेगळे आहेत आणि त्यांत मृत्युदर मुद्दाम कमी धरलेले असतात. २०१२च्या अशा तक्त्याने तर पुढे आणखी आयुर्मान वाढेल, हेही आधीच हिशेबात घेतले. एकच नियामक एकाच माणसाला एका कागदावर लवकर मारतो आणि दुसऱ्या कागदावर शतायुषी करतो. तक्त्याचे काम भाकिताचे असते, तर हे हास्यास्पद ठरले असते.

कंपनीचा अनुभव आणि कागदावरचा निधी

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे. कंपनीला आपले विमेदार सरकारपेक्षा जास्त ठाऊक असतात. रक्त-लघवी तपासून, सिगारेट न ओढणारे निवडून विमा देणाऱ्या कंपनीला सरसकट तक्ता का लावायचा? शिवाय तक्ता नेहमीच मागे असतो. १९८०च्या तक्त्यामागचा अनुभव १९७० ते १९७५चा, आणि तो वापरात राहिला २००८च्या अखेरपर्यंत. २००० साली वीस-तीस वर्षे हप्ता स्थिर ठेवणाऱ्या मुदत विम्यासाठी नवा कडक नियम आला, कारण जुन्या नियमांतल्या पळवाटा काढून कंपन्या फारच थोडा निधी ठेवत होत्या. पळवाटा बुजल्या, पण निवडक निरोगी विमेदारांच्या मानाने निधी अवाजवी झाला. इथे मात्र चौकटीतला आकड्यांचा फरक खरोखरच खिशाला लागला.

कंपन्यांनी त्यावर तोड काढली. व्हर्माँट, साउथ कॅरोलायना अशा ठिकाणी त्यांनी स्वतःच्याच मालकीच्या पुनर्विमा कंपन्या उघडल्या आणि जबाबदारी कागदोपत्री तिकडे ढकलली. तिथे बँकेचे हमीपत्र किंवा मातृकंपनीचा शब्दही निधी म्हणून चाले. २०१३ साली न्यूयॉर्कच्या नियामकांनी आपल्या कंपन्यांपुरती तपासणी केली, तेव्हा असे किमान ४,८०० कोटी डॉलरचे व्यवहार सापडले. ‘छायाविमा’ असेच नाव त्यांनी त्याला दिले. तक्ता शिळा होऊ दिला हा राज्यांचा दोष. पण तक्ता जाचक म्हणून सगळा हिशेब कंपनीच्या हाती सोपवावा, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. उलट, पेन हातात आल्यावर कंपन्या काय करतात, याचा नमुनाच मिळाला.

यानंतरची तडजोड २०१७ साली अमलात आली. मोठ्या प्रमाणावर विमा हप्ते जमा करणाऱ्या किमान ४२ राज्यांनी कायदा केल्यावरच ती लागू व्हायची होती. न्यूयॉर्क सुरुवातीला बाहेर राहिले. आता आयुर्विम्याचा निधी मोजताना कंपनीने स्वतःच्या अनुभवावरून, व्याजदर आणि बाजार अनेक दिशांनी हलवून पाहत हिशेब करायचा असतो. पण त्याच्या शेजारी राइटच्या वळणाचा निव्वळ हप्त्याचा हिशेबही २०१७च्या सीएसओ तक्त्याने मांडावा लागतो, आणि ज्याचे उत्तर मोठे तो निधी ठेवावा लागतो. कंपनीचा अनुभव निधी वाढवू शकतो. तक्त्याने आखलेल्या रेषेखाली नेऊ शकत नाही. ही तळरेषा ठेवली नसती, तर मी या बदलाला छायाविम्याची सरकारी आवृत्ती म्हटले असते. स्वतःचा अनुभव वापरायलाही अट आहे: तो पुरेसा मोठा नसेल, तर कंपनीने उद्योगाच्या तक्त्याकडे झुकायचे आणि वर सावधगिरीची भर घालायची. शिवाय विमेदारांच्या मृत्यूंची तपशीलवार माहिती कंपन्यांनी नियामकांकडे जमा करायचे बंधनही याच नव्या नियमांत आहे. तिच्यावरूनच पुढचा तक्ता होईल, आणि तो लागू करायला कोणत्याही राज्याच्या विधिमंडळाची वाट पाहावी लागणार नाही.